तीन उन्हाळ्यांची मुदत

माझ्या कामाची एक मोठी अडचण आहे. काम झाल्यावर झाड आधीपेक्षा वाईट दिसतं. न्हाव्याच्या खुर्चीतून उठलेला माणूस आरशात बघून खूश होतो. रंगाऱ्यानं भिंत रंगवली की घरमालक शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. मी पेरूची छाटणी करून खाली उतरते, तेव्हा मालकीणबाई तोंडाला पदर लावून उभ्या असतात आणि मालक विचारतात, "बाई, हे जगंल ना आता?" जगतं. पण ते कळायला तीन-चार महिने लागतात, आणि तेवढे दिवस त्या घरात माझं नाव चांगल्या शब्दांत निघत नाही.

मी निर्मला. साकोलीत राहते. सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर पिशव्या भरायला लागले होते, निवृत्त झाले ती छाटणी आणि कलमं करणारी म्हणून. मधल्या वर्षांत कोणत्या साहेबाच्या काळात काय झालं ते सांगून तुम्हाला कंटाळा आणणार नाही. मला हे काम देवाजी नावाच्या म्हाताऱ्या माळ्यानं शिकवलं, एवढं मात्र सांगायला हवं. देवाजी फार कमी बोलायचे. कात्री हातात देण्याआधी त्यांनी मला पंधरा दिवस नुसतं झाडांभोवती फिरायला लावलं. हात मागे बांधून.

"फिर," म्हणायचे.

"काय पाहू?"

"दिसंल ते पाह्य. काई दिसलं नाई त अजून फिर."

मला वाटायचं, म्हातारा चेष्टा करून राहिला. सहाव्या-सातव्या दिवशी एका पेरूच्या झाडात मला पहिल्यांदा दिसलं, की दोन फांद्या एकमेकींना घासतात आणि घासल्या जागी साल सोलली आहे. मग दिसलं, की झाडाच्या पोटात पानच नाही, सगळी हिरवळ बाहेरून पांघरल्यासारखी आहे. मग खोडातून सरळ वर गेलेले जाड, तुकतुकीत फुटवे दिसले. दिसायला रुबाबदार, पण फळ एक नाही. आमच्याकडे त्यांना पाणसोट म्हणतात. मी हे सगळं देवाजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी खिशातून कात्री काढून माझ्या हातात ठेवली.

छाटणी म्हणजे एवढंच. झाडाला मुळांकडून जे मिळतं ते मोजकं असतं. ते वाळक्या, रोगट, उगाच वाढलेल्या फांद्यांत वाया जाऊ द्यायचं, की ऊन-वारा लागणाऱ्या चार चांगल्या फांद्यांत जाऊ द्यायचं, ते ठरवायचं. अवघड असतं ते कधी कापायचं हे ठरवणं. पेरू, बोर, फालसा ही झाडं नव्या फुटव्यावर फळ देतात, त्यांना कापलं की ती खूश. आंब्याचं तसं नाही. त्याची फांदी आधी पिकते, थांबते, मग तिच्या शेंड्याला मोहर येतो. हे मला शिकवलेलं होतं, पण नीट मुरलेलं नव्हतं. नवीन नवीन कात्री हातात आली त्या वर्षी मी बहिणीच्या सासरी गेले आणि तिच्या अंगणातल्या आंब्याचे सगळे शेंडे ऐन थंडीत एकसारखे कापून आले. झाड असं गोल दिसत होतं की जाता-येता लोक थांबून पाहत. पुढच्या महिन्यात गावभर मोहर आला, बहिणीच्या दारात पानंच पानं. तिच्या सासूनं मला एवढंच विचारलं, "तुम्हाले आंबे आवडत नाईत काय वं?" तो उन्हाळा मी बहिणीकडे गेलेच नाही.

बायकांनी झाडावर चढावं हे लोकांना पटायला वेळ लागला. मी साडीच्या आत आमच्या ह्यांची जुनी फुलपँट घालायची आणि पदर कमरेला खोचायची. माझ्याबरोबर गिरजा असायची, माझ्याच वयाची, रोपवाटिकेतलीच. ती कधी झाडावर चढली नाही. खाली उभं राहून दोर धरायचा, आणि मोरचूद-चुन्याचा लेप कालवायचा, हे तिचं काम. कापलेल्या जागी तो लावला की बुरशी आत शिरत नाही. दोर धरता धरता गिरजा मालकांशी भांडायची. ती दोन्ही कामं सारखीच चांगली करायची.

नोकरीत असतानाही सुट्टीच्या दिवशी लोक घरी बोलवायचे. त्यातलं चिखल्याचं काम मला आठवलं की अजून हसू येतं.

चिखल्याला मँगनीजची खाण आहे. तिथल्या कामगार वसाहतीत रामाजी म्हणून एक निवृत्त खाणकामगार राहत. उभा जन्म जमिनीखाली काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी क्वार्टरच्या मागे फालश्याची दहा झुडपं लावली होती. फालसा म्हणजे मटारएवढं जांभळं फळ, आंबटगोड, उन्हाळ्यात सरबत करतात. झुडपं छपराच्याही वर गेली होती. फळ लागायचं ते पार शेंड्याला, आणि ते बुलबुल खायचे. रामाजींच्या बायकोनं, सीताबाईंनी, तुमसरच्या कोणाकडून तरी माझं नाव ऐकलं आणि मला बोलावलं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा पौषातली सकाळ होती. पानं गळालेली, फालसा कापायला अगदी योग्य वेळ. मी म्हटलं, कमरेएवढी ठेवून बाकी सगळी कापायची. रामाजींना वाटलं मी गंमत करते. पहिलं झुडूप कापून झालं तेव्हा ते खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसले.

"मी पायत नाई," म्हणाले. "तुमचं होऊ द्या."

सीताबाईंनी चहा आणला. त्यांनी तोही भिंतीकडे तोंड करूनच घेतला. पाचव्या झुडपापाशी त्यांना राहवलं नाही. न वळता म्हणाले, "बाई, आम्ही खाणीत सगळं माल काढत नाई. मधे मधे खांब सोडतो. नाई त छत खाली येते. तुम्ही खांब कुठी सोडले?"

मी त्यांना म्हटलं, वळून बघा. ते वळले. मी प्रत्येक झुडपात सहा-सात जाड काड्या ठेवल्या होत्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर. बोट लावून दाखवलं, "हे खांब. माल ह्यांच्यावर येईल." ते उठले, वाकून प्रत्येक झुडपातल्या काड्या मोजत गेले. चौथ्या झुडपापाशी म्हणाले, "इथं एक खांब जास्त हाय." मी पाहिलं तर खरंच होतं. ती काडी त्यांनी माझ्याकडून कात्री घेऊन स्वतः कापली.

त्या उन्हाळ्यात रामाजी दोन बस बदलून साकोलीला आले. हातात स्टीलचा डबा. डबा माझ्या हातात दिला, पाणी प्याले, आणि म्हणाले, "बाई, तुम्ही लय जुलमी. पण फालसे मस्त आले." एवढं बोलून परतीच्या बससाठी निघून गेले.

आता ज्या कामासाठी हे लिहायला बसले ते सांगते. निवृत्त झाल्यावरचं, लाखांदूरकडच्या एका खेड्यातलं.

एक दिवस कविता नावाची तिशीतली बाई माझ्या दारात आली. लाखांदूरची पहिली एसटी धरून आली होती. तिच्या सासऱ्यांच्या शेतात, बोडीच्या पाळीवर नऊ आंब्यांची झाडं होती. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं आमच्याकडचं लहान तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. झाडं सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेली. आता ती इतकी दाटली होती की दुपारी खाली दिवा लावावा. आंबे जवळजवळ बंद झाले होते. तिच्या नवऱ्याचं, प्रमोदचं म्हणणं होतं की झाडं तोडून ती जागा धानाला घ्यावी. लाकडाचा व्यापारी येऊन झाडांना दोरी लावून माप घेऊन गेला होता.

"अन् तुह्यं म्हणणं काय?" मी विचारलं.

"मावशी, आमच्या बायकांचा गट हाय. लोणचं करतो आम्ही. कैऱ्या बाजारातून आणतो अन् घरी नऊ झाडं उभी हाईत. लाज वाटते मले."

"सासऱ्यांचं काय म्हणणं?"

ती हसली. "मामाजीचं म्हणणं तुम्ही त्याहींच्या तोंडूनच ऐका. मले त्याहींच्यावाणी बोलता येत नाई."

दुसऱ्या दिवशी मी आणि गिरजा गेलो. कविताचे सासरे पांडुरंगजी ओसरीवर बसले होते. सत्तरी पार केलेले, उंचेपुरे, मिशा अजून काळ्या केलेल्या. आमच्या झाडीपट्टीत थंडीत गावोगावी मंडपात नाटकं होतात, त्यात त्यांनी वीस-पंचवीस वर्षं खलनायकाचं काम केलं होतं. आवाज असा, की ओसरीवरून बोलले तर बोडीवर ऐकू यावं.

"तुम्ही माझ्या बापाच्या झाडांचा शिरच्छेद करणार?" त्यांनी विचारलं. अगदी नाटकातल्या भाषेत.

मी म्हटलं, "हो."

हे उत्तर त्यांच्या संहितेत नसावं. ते एकदम साध्या बोलीत म्हणाले, "मंग आंबे कवा लागतीन?"

"तिसऱ्या उन्हाळ्यात."

प्रमोद खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "अन् नाई लागले त?"

कविता माझ्याआधी बोलली. "नाई लागले त व्यापाऱ्याले बोलवा. मी एक शब्द बोलनार नाई."

पांडुरंगजींनी मांडीवर थाप मारली. "ठरलं. तीन उन्हाळे. पण काप माह्यासमोर झाली पाहिजे."

खरं सांगायचं तर एवढ्या जुन्या झाडांचं काम मला दोन वर्षांत वाटून करायचं होतं. अर्धी ह्या थंडीत, अर्धी पुढच्या. पण मुदतच तीन उन्हाळ्यांची पडली, त्यामुळे नऊही झाडं एकदम कापायला घेतली. ह्या घाईची किंमत पुढे एका झाडानं दिली.

मार्गशीर्षात काम सुरू केलं. जुन्या आंब्याला नवं करायचं म्हणजे त्याच्या मुख्य फांद्या माणसाच्या दुप्पट उंचीवर कापून टाकायच्या. वर काहीच ठेवायचं नाही. फक्त खालची एक हिरवी फांदी ठेवायची, नवी पालवी येईपर्यंत झाडाला पोसायला. जाड फांदी एका घावात कापता येत नाही, वजनानं ती साल ओरबाडत खाली येते. म्हणून आधी खालून थोडा काप द्यायचा, मग जरा पुढं वरून कापून वजन उतरवायचं, आणि मग उरलेला खुंट सफाईनं काढायचा. फांदी दोराला बांधलेली असते, खाली गिरजा तो दोर हळूहळू सोडते.

पहिल्या दिवशी अर्धं गाव बोडीवर जमलं. पांडुरंगजी बोडीजवळच्या विहिरीच्या कठड्यावर चढून उभे राहिले. मी झाडावर, करवत फांदीला लावलेली, आणि खालून आवाज आला, "थांबा!"

सगळ्या माना कठड्याकडे वळल्या.

"न्यायाधीश महाराज!" पांडुरंगजी माझ्याकडे हात करून म्हणाले. "ह्या झाडांचा अपराध काय? ह्यांनी सावली दिली, हा अपराध? पाखरं वागवली, हा अपराध?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिरजानं दोर न सोडता मान वळवली आणि ठणकावून म्हणाली, "अपराध हाय. दहा वर्षं झाली, आंबे देऊन नाई राहिले!"

"ह्या बाई कोण?"

"सरकारी वकील!"

असा हशा उठला, की वर मला फांदीला मिठी मारून बसावं लागलं. हसता हसता करवत हातातून सुटली आणि खाली चिखलात रुतली. ती धुऊन परत वर पाठवायला प्रमोदच पुढे झाला. तोवर तो लांब उभा होता. पांडुरंगजींनी मग अर्धा तास बाजू मांडली, गिरजानं प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं, आणि शेवटी त्यांनीच कठड्यावरून निकाल दिला, "आरोपींना तीन उन्हाळ्यांची शिक्षा. कापा!"

आठ दिवस काम चाललं. कविता रोज हाताशी होती. लेप लावायला तिला मी पहिल्याच दिवशी शिकवलं. नवव्या झाडाचा शेवटचा खुंट काढला तेव्हा पाळीवर नऊ खांब उभे होते. प्रत्येकाच्या कापावर निळसर लेप, बुडाला चुना, आणि बगलेत एक-एक हिरवी फांदी. एक म्हातारी बघून म्हणाली, "बाप्पा! झाडायले निळ्या टोप्या घातल्या काय?" संध्याकाळचं ऊन कित्येक वर्षांनी सरळ बोडीच्या पाण्यावर पडलं होतं. मला ते फार छान दिसलं. बाकी कोणालाच दिसलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या कामात सगळ्यात वाईट. करायला काही नसतं. कविता आठवड्याला फोन करायची, "काई नाई मावशी." तिच्या घरी काय चाललं असेल ते तिच्या आवाजावरून कळायचं. लोक तिच्या तोंडावर बोलत होते, ही सून घर बुडवून राहिली, उभी झाडं मारली. शिमग्याच्या चार दिवस आधी तिचा फोन आला तेव्हा ती इतक्या जोरात बोलत होती, की मला आधी भांडण झालं असं वाटलं.

"आलं मावशी! लाल लाल! सालीतून फुटून राहिलं!"

मी गेले. आठ झाडांच्या कापाखालून तांबूस, लोण्यासारखी मऊ पालवी फुटली होती. झुपक्याझुपक्यानं. नवव्या झाडावर काहीच नव्हतं.

पाळीच्या टोकाचं ते झाड. त्याच्याभोवती फिरले तेव्हा मागच्या बाजूला, बोडीच्या अंगाला, खोडात सुपारीएवढी भोकं दिसली. बुडाशी भुसा. भिरूड लागला होता, म्हणजे खोड आतून पोखरणारी अळी. भोकं जुनी होती. कापण्याआधी पूर्ण फेरी मारली असती तर दिसली असती, पण त्या बाजूला पाणी होतं, चिखल होता, आणि मी घाईत समोरूनच चढले होते. असं पोखरलेलं झाड इतकं कापायचं नसतं. मी तारेनं अळ्या काढल्या, रॉकेलचे बोळे घालून भोकं मातीनं लिंपली. पण पंधरा दिवसांत त्या झाडाची राखलेली हिरवी फांदीही सुकली, आणि झाड गेलं.

मी पांडुरंगजींना सांगायला गेले. सरळ सांगितलं की चूक माझी आहे, देवाजींनी पहिल्या दिवशी शिकवलेलं मी तिसाव्या वर्षी विसरले. त्यांनी ऐकून घेतलं. उठून त्या झाडापाशी गेले, खोडावर हात फिरवला. मला वाटलं, आता हा माणूस आवाज चढवणार, आणि त्याचा तो हक्कच आहे.

"बाई," ते हळू म्हणाले, "नाटकात एखांदं पात्र त मरतेच. बाकी आठांचं काम चांगलं करून घ्या."

 ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी दुसरं भांडण झालं, ते कविताशी. एकेका कापाखाली तीस-चाळीस फुटवे आले होते. सगळे ठेवले तर पुन्हा तीच दाटी. मी म्हटलं, बाहेरच्या अंगाला जाणारे, दमदार असे सात-आठ ठेवायचे, बाकी काढायचे. कविता झाडापुढे आडवी उभी राहिली.

"पयले फांद्या कापल्या, आता लेकरं बी कापता काय? किती दिवस वाट पाह्यली मी ह्यांची!"

"मी कापत नाही," मी म्हटलं. "तू काप." कात्री तिच्या हातात दिली आणि बाजूला बसले. ती पहिल्या फुटव्यापाशी इतका वेळ थांबली, की गिरजानं मधे पानाचा डबा काढून पान लावून खाल्लं. मग कात्रीचा आवाज आला. एक. परत थोड्या वेळानं एक. दुपारपर्यंत ती बोलता बोलता कापत होती, आणि संध्याकाळी मला सांगत होती, "हा नाई ठेवत मावशी, हा आत वळून राहिला." बरोबर होतं तिचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मोहर आला नाही. येणार नव्हताच, पण लोकांना काय सांगणार! व्यापारी मोटारसायकलवरून येऊन पाळीवर एक चक्कर मारून गेला. झाडं मात्र छत्रीसारखी भरली होती, खालून आभाळाचे तुकडे दिसत होते, आणि झाडांखाली हळद लावता येईल एवढा उजेड पडत होता. कवितानं ती लावलीही.

तिसऱ्या वर्षी पौषात थंडी कडक पडली, आणि माघात मोहर आला. आठांतल्या एकाही झाडानं हात आखडता घेतला नाही. मग आठवडाभर आभाळ दाटलं. मोहराला रस शोषणारे तुडतुडे लागायची भीती, पावसाची एक जोरदार सर आली तर सगळं जमिनीवर. त्या आठवड्यात प्रमोदनं मला दिवसातून दोनदा फोन केला. तोच, झाडं तोडायला निघालेला! "मावशी, फवारणी करू काय? मावशी, आभाळ अजून हाय जी." मी म्हटलं, मोहराच्या आत हात घालून बघ, वारा लागतो का? "लागते." मग घाबरू नकोस, दाट झाडातच तुडतुडे राहतात. आभाळ एक दिवस शिंतडलं आणि निघून गेलं.

कैऱ्या तोडायला मला आणि गिरजाला आग्रहाचं बोलावणं आलं. गटातल्या सगळ्या बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या. शिडी कोणीच आणली नव्हती, लागणारच नव्हती. खालच्या फांद्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर लोंबत होत्या, एका देठाला तीन-तीन कैऱ्या. बायका उभ्या उभ्या तोडत होत्या, मीठ लावून खात होत्या, प्रमोद भरलेल्या टोपल्या बैलगाडीत नेऊन ठेवत होता. तेवढ्यात तो लाकडाचा व्यापारी आला. मोटारसायकल लावून बराच वेळ बघत राहिला. कवितानं त्याच्या हातावर एक फोड ठेवली. ती खाऊन, डोळे बारीक करून तो माझ्याकडे वळला.

"बाई, माह्या घरी लिंबाचं झाड हाय. काट्याचं नुसतं रान झालं. कवा येता?"

"मी नाही येत," मी म्हटलं. "हिला बोलवा." कविता लाजून टोपली भरायला गेली, पण त्याचा फोन नंबर तिनं घेतला.

पांडुरंगजी आतापर्यंत गप्प होते. मला त्याचंच नवल वाटत होतं. एवढे लोक जमलेले, आणि हा माणूस कठड्यावर चढला नाही! ते दुसऱ्या झाडाखाली एकटे उभे होते. तोंडासमोर एक कैरी लोंबत होती, मोठी, सावळी झाक आलेली. त्यांनी हात वर केला, थांबले, इकडे तिकडे पाहिलं, आणि देठ मोडून ती तोडली. चीक मनगटावर ओघळला. तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मी जवळ गेले. ते कैरीकडे बघतच म्हणाले, अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं, "हे मी पयल्यांदा तोडलं बाई."

"काय म्हणता! एवढी झाडं, आणि पहिल्यांदा?"

"झाडावर चढाची लय भीती वाटे मले. लहानपणापासून. बाप चढे, भाऊ चढे. मी खाली पडलेलं उचलो. कोनाले सांगतलं नाई." मग म्हणाले, "खलनायकाले सांगता येते काय असं?"

मला हसू आवरेना. तेही हसायला लागले, खांदे हलवत, आवाज न करता.

दिवस कलला तेव्हा गाडी भरून आम्ही सगळे बांधावरून गावाकडे निघालो. लोणच्याला कैऱ्या कमी पडतील म्हणत कवितानं चेष्टेनं सासऱ्यांच्या हातातली कैरी मागितली. त्यांनी दिली नाही. खाल्लीही नाही. बैलगाडीच्या पुढे चालत होते, कैरी हातात उंच धरून, आणि वाटेत जो भेटेल त्याला, मग तो ओळखीचा असो की नसो, थांबवून आपल्या त्या मोठ्या आवाजात सांगत होते, "हे पाह्य. मी तोडलं!"